विंडोज १० की विंडोज ११? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज ११ खरोखर १० पेक्षा चांगली आहे का?

आहे, पण जिथे नजर जाते तिथे कमी आणि जिथे जात नाही तिथे जास्त. सुरक्षा, नव्या प्रोसेसरवर कामाची वाटणी, दोन-तीन मॉनिटर लावून काम करणे, वाय-फायची नवी मानके या बाबतींत ११ उजवी आहे. टास्कबार, स्टार्ट मेनू, राइट क्लिक ही दिवसभर हाताखाली असणारी ठिकाणे. ५ ऑक्टोबर २०२१ ला ११ बाजारात आली तेव्हा नेमकी तिथेच ती १० च्या मागे होती. काढून घेतलेल्या बऱ्याच सोयी पुढच्या दोन-तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने परत आल्या. म्हणून २०२१ मध्ये एकदा टाकून, वैतागून काढून टाकली असेल तर ते मत आता जुने झाले आहे. २४एच२ किंवा २५एच२ या ११ च्या पुढच्या वार्षिक आवृत्त्यांवर (आकडा म्हणजे साल, एच२ म्हणजे वर्षाचा उत्तरार्ध) पुन्हा बघा आणि मग ठरवा.

१० चा पाठिंबा संपला म्हणजे नेमके काय झाले?

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० च्या नेहमीच्या आवृत्त्यांना मोफत सुरक्षा अपडेट मिळणे थांबले. संगणक बंद पडत नाही, परवाना रद्द होत नाही, फायली जिथल्या तिथे राहतात. धोका सावकाश वाढतो. दोन्ही विंडोजचा बराचसा कोड सामाईक आहे. ११ मधले एखादे भोक बुजवले गेले की ती दुरुस्ती तपासून हल्लेखोर १० मधले तेच भोक शोधून काढू शकतात, आणि १० मध्ये ते कायमचे उघडे राहते. विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसच्या व्हायरस-व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ॲप्सना १० वर सुरक्षा दुरुस्त्याही १० ऑक्टोबर २०२८ पर्यंत आहेत. त्यावर विसंबू नका. अँटिव्हायरस दाराशी बसलेला राखणदार आहे, भिंतीचे भगदाड तो बुजवत नाही.

आणखी एक गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. सिक्युअर बूटची, म्हणजे संगणक सुरू होताना फक्त सही असलेला कोडच चालू देणाऱ्या सोयीची, २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात. त्यांच्या जागी २०२३ ची नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधूनच येतात. अपडेट बंद असलेल्या संगणकाला ती मिळत नाहीत. संगणक तरीही सुरू होतो, पण बूटच्या टप्प्यावरच्या पुढच्या दुरुस्त्या त्याला लागू होत नाहीत.

वर्षभराची मुदतवाढ कशी मिळवायची?

घरगुती संगणकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात. त्यासाठी विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ हवी. विंडोज + आर दाबून 'विनव्हर' चालवा, बिल्ड १९०४५ दिसला पाहिजे. लॉगिन ॲडमिनिस्ट्रेटरचे आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचे हवे. मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट या पानावर 'एन्रोल नाऊ' दिसते. दिसत नसेल तर शिल्लक अपडेट आधी पूर्ण करा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा बघा.

पर्याय तीन: सेटिंग्जचा बॅकअप खात्यात चालू ठेवला तर मोफत, नाहीतर १००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स पॉइंट, नाहीतर एकदाच ३० डॉलर. एका खात्यावर दहा संगणक नोंदवता येतात. यात फक्त गंभीर आणि महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या असतात, नव्या सोयी किंवा तांत्रिक मदत नाही. कार्यालयाच्या डोमेनला जोडलेल्या संगणकाला ही घरगुती योजना लागू नाही. संस्थांसाठी वेगळा दर आहे: पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. दुप्पट होत जाणारा आकडा पाहिला की हेतू कळतोच.

माझ्या संगणकावर ११ चालेल का?

कागदावरच्या अटी अशा: दोन किंवा अधिक कोअरचा १ गिगाहर्ट्झचा ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय फर्मवेअर (जुन्या बायॉसच्या जागी आलेले, संगणक सुरू करणारे सॉफ्टवेअर) आणि सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० (कूटबद्धीकरणाच्या किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय), डायरेक्टएक्स १२ चालवणारे ग्राफिक्स. यातली ४ जीबी रॅम नावापुरती आहे. ब्राउझरच्या चार टॅब आणि एक व्हिडिओ कॉल एवढ्यात ती संपते. ८ जीबी ही खरी किमान पातळी, आणि नवा संगणक घेत असाल तर १६. फिरत्या हार्ड डिस्कवर ११ टाकू नका. बसते, पण सुरू झाल्यावर कित्येक मिनिटे डिस्क १०० टक्क्यांवर अडकून राहते.

अटींमध्ये न लिहिलेली खरी अडचण प्रोसेसरच्या यादीची असते. साधारणपणे इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढची, एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढची यादीत आहे. रायझन २००० नाव असलेल्या काही चिप्स आतून आधीच्या पिढीच्या आहेत आणि यादीत नाहीत, उदाहरणार्थ २२००जी. त्यामुळे नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' चालवा. ते कोणत्या अटीवर अडले हे नेमके सांगते. रॅम-डिस्क बदलता येते, टीपीएम बहुतेक वेळा नुसता चालू करायचा राहिलेला असतो. प्रोसेसरवर अडले तर मात्र विषय संपला.

टीपीएम नाही असे दाखवते, पण संगणक तर चार-पाच वर्षांपूर्वीचाच आहे?

मग तो बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, बंद असेल. स्वतः जोडणी केलेल्या संगणकांत हे फार आढळते, कारण मदरबोर्ड कारखान्यातून टीपीएम बंद ठेवूनच यायचे. विंडोज + आर, 'टीपीएम डॉट एमएससी' चालवून आधी खात्री करा. नंतर संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये जा. इंटेलच्या मदरबोर्डवर या सोयीचे नाव 'पीटीटी' असते, एएमडीच्या 'एफटीपीएम'. ती कधी सिक्युरिटीच्या पानावर, कधी ॲडव्हान्स्ड किंवा ट्रस्टेड कंप्युटिंगच्या खाली दडलेली असते. चालू करा, एफ१० ने जतन करा. वेगळी चिप विकत घेण्याची गरज क्वचितच पडते.

एएमडीच्या संगणकावर बायॉस अपडेट केल्यावर किंवा प्रोसेसर बदलल्यावर काळ्या पडद्यावर प्रश्न येतो: एफटीपीएम रीसेट करायचा का, वाय की एन? बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) चालू असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल तर वाय दाबू नका. वाय दाबले की चिपमधल्या किल्ल्या पुसल्या जातात आणि पुढच्या बूटला ४८ अंकी की मागितली जाते. सुरुवातीच्या काळात एएमडीच्या एफटीपीएममुळे अधूनमधून आवाज-चित्र अडखळायचे. तो दोष २०२२ मध्ये बायॉस अपडेटने दुरुस्त झाला. अजूनही होत असेल तर तुमचे बायॉस तितके जुने आहे.

टीपीएम चालू केला, तरी 'सिक्युअर बूट' अडते. का?

कारण विंडोज लेगसी पद्धतीने, एमबीआर डिस्कवर बसलेली आहे (एमबीआर ही डिस्कच्या विभागणीची जुनी पद्धत, यूईएफआयला जीपीटी ही नवी लागते). विंडोज + आर, 'एमएसइन्फो३२' उघडा. 'बायॉस मोड' पुढे 'लेगसी' असेल तर हेच कारण. इथे घाईघाईने बायॉसमधून यूईएफआय निवडले की विंडोज सुरूच होत नाही आणि माणूस घाबरून सगळे नव्याने टाकतो. त्याची गरज नसते. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिले काम बॅकअप, आणि तो वेगळ्या डिस्कवर. दुसरे, बिटलॉकर चालू असेल तर कंट्रोल पॅनलमधून 'सस्पेंड'. तिसरे, डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कवर किती प्रायमरी पार्टिशन आहेत ते मोजा. तीनपर्यंत चालतात. चार असतील तर रूपांतर होत नाही, कारण ईएफआय पार्टिशनला जागा लागते. चौथे, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून विंडोजमध्येच असलेले 'एमबीआर२जीपीटी' हे साधन आधी 'व्हॅलिडेट' आणि मग 'कन्व्हर्ट' या स्विचने चालवा. चालू विंडोजमधून चालवताना दोन्ही वेळा 'अलाऊफुलओएस' हा स्विच जोडावा लागतो, नाहीतर ते नकार देते. व्हॅलिडेट अपयशी ठरले तर डिस्कला काहीही झालेले नसते, निर्धास्त राहा. रूपांतर झाले की मगच बायॉसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, यूईएफआय चालू, आणि विंडोज नीट उघडल्यावर पुढच्या फेरीत सिक्युअर बूट.

एक खड्डा: फार जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या बायॉसला यूईएफआय कळत नाही. सीएसएम बंद केले की पडदा काळाच राहतो. घाबरू नका. संगणकाची वीज काढून मदरबोर्डवरचे नाण्याएवढे सीआर२०३२ सेल काही मिनिटे बाहेर ठेवा, बायॉस मूळपदावर येते. मग प्रोसेसरच्या आतले ग्राफिक्स वापरा किंवा कार्ड बदला.

अटीत न बसणाऱ्या संगणकावर जबरदस्तीने टाकली तर?

बसते. रुफससारख्या साधनाने तपासण्या गाळलेला पेनड्राइव्ह बनवता येतो. मासिक सुरक्षा अपडेटही सहसा येतात, पण मायक्रोसॉफ्ट त्यांची हमी देत नाही. दरवर्षीची नवी आवृत्ती मात्र आपोआप येत नाही, दर वेळी नवा आयएसओ (विंडोज टाकण्याची फाइल) उतरवून तोच खटाटोप करावा लागतो. आणि २४एच२ पासून एक भिंत पक्की आहे: प्रोसेसरला एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना कळल्याच पाहिजेत, नाहीतर विंडोज सुरूच होत नाही. कोअर २ ड्युओच्या काळातल्या संगणकांचा रस्ता इथे बंद झाला.

स्वतःच्या दुय्यम संगणकावर प्रयोग म्हणून हरकत नाही. हिशेब ठेवायच्या किंवा दुसऱ्याला सांभाळायला द्यायच्या संगणकावर आम्ही हे करणार नाही. तिथे मुदतवाढ घेणे किंवा लिनक्स टाकणे जास्त शहाणपणाचे.

संगणकाचा वेग वाढतो का?

जुन्या चार-सहा कोअरच्या संगणकावर नाही. त्याच यंत्रावर १० आणि ११ यांतला फरक हाताला जाणवत नाही, आणि जाणवला तर बहुधा नव्याने विंडोज टाकल्यामुळे कचरा गेलेला असतो, त्याचे श्रेय ११ ला मिळते.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून गोष्ट वेगळी. त्या प्रोसेसरमध्ये दमदार आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर असतात. कोणते काम कुठे पाठवायचे याबद्दल चिपमधला थ्रेड डायरेक्टर विंडोजला सतत इशारे देतो. ११ ते इशारे वाचते, १० ला ती भाषा नीट कळत नाही. परिणाम असा दिसतो: व्हिडिओ तयार व्हायला लावून तुम्ही ब्राउझरमध्ये गेलात, की १० वर कधी कधी ते जड काम काटकसरी कोअरवर जाऊन पडते आणि वेळ वाढतो. रायझनसाठी शाखा-अंदाजाची (पुढे कोणत्या सूचना येतील हे प्रोसेसरने आधीच ताडण्याची) एक सुधारणाही २०२४ मध्ये ११ लाच मिळाली. म्हणजे नवे यंत्र घेऊन त्यावर हट्टाने १० टाकण्यात तोटाच आहे.

११ वर खेळ थोडे संथ चालतात असे ऐकले. खरे आहे?

काही यंत्रांवर खरे आहे, आणि त्याचे कारण 'मेमरी इंटिग्रिटी'. विंडोजच्या गाभ्यात कोणता ड्राइव्हर चालू द्यायचा हे तपासणारा पहारा आभासी यंत्राच्या भिंतीआड बसवलेला असतो. नव्या संगणकांवर आणि नव्याने टाकलेल्या ११ वर तो सुरुवातीपासून चालू असतो, १० वरून अपग्रेड केलेल्यावर बहुधा बंद. इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि एएमडीच्या झेन २ पासून या पहाऱ्याला प्रोसेसरमध्येच मदत आहे, त्यामुळे खर्च किरकोळ. त्याआधीच्या चिपवर तेच काम सॉफ्टवेअरला करावे लागते आणि फ्रेम कमी होतात.

बंद करायचे असेल तर विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे जा. पण आधी विचार करा. याच संगणकावर बँकेचे व्यवहार होत असतील तर दोन-चार फ्रेमसाठी पहारा उठवू नका. चालू करायला गेल्यावर ते एखाद्या ड्राइव्हरचे नाव दाखवून अडते, तेव्हा तो बहुधा जुन्या स्कॅनरचा किंवा पंख्याचा वेग बदलणाऱ्या एखाद्या साधनाचा असतो. ते सॉफ्टवेअर काढा.

उलट बाजूही आहे. फसवणूक रोखण्यासाठी काही ऑनलाइन खेळ सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडतच नाहीत.

राइट क्लिकचा मेनू असा अर्धवट का?

हा ११ मधला सर्वांत जास्त शिव्या खाल्लेला बदल. १० मध्ये फाइलवर राइट क्लिक केले की प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापली ओळ तिथे घुसवलेली असायची. त्या प्रत्येक ओळीमागचा कोड थेट एक्सप्लोररच्या आत चालायचा. एक ढिसाळ निघाला की मेनू उघडायला दोन सेकंद, कधी सगळा एक्सप्लोरर कोसळलेला. ११ ने नवा मेनू आखला आणि नव्या पद्धतीने नोंद करणाऱ्या सॉफ्टवेअरलाच त्यात जागा दिली. बाकी सगळे 'शो मोर ऑप्शन्स' च्या मागे गेले.

कारण पटण्यासारखे आहे, पण भुर्दंड वापरणाऱ्याला पडला. १० मध्ये फाइल जुन्या कॉम्प्रेशन साधनाने उलगडायची तर राइट क्लिक आणि एक क्लिक पुरायचा. ११ मध्ये राइट क्लिक, खाली 'शो मोर ऑप्शन्स', जुना मेनू उघडेपर्यंत क्षणभर थांबा, तिथे पुन्हा तीच ओळ शोधा. दिवसाला पन्नास वेळा करणाऱ्याचे डोके फिरणारच. कट, कॉपी, पेस्ट, रिनेम यांची तर नुसती चित्रे करून वरच्या पट्टीत बसवली होती. त्यांच्याखाली शब्द २४एच२ मध्ये आले.

सोपा उपाय: शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, जुना मेनू थेट उघडतो. फाइल निवडून शिफ्ट + एफ१० दाबले तरी तेच. शिवाय २३एच२ पासून आरएआर आणि ७झेड फायली विंडोज स्वतःच उघडते, त्यामुळे ही फेरी बऱ्याच जणांना लागतच नाही.

टास्कबार आणि स्टार्ट मेनू पूर्वीसारखे करता येतात का?

बऱ्याच अंशी. मधोमध आलेली बटणे डावीकडे न्यायला टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, टास्कबार बिहेवियर्स, अलाइनमेंट 'लेफ्ट'. एकाच ॲपच्या खिडक्या वेगवेगळ्या, नावासकट दिसाव्यात ही सोय २०२३ मध्ये परत आली, त्याच पानावर 'नेव्हर' निवडा. फाइल ओढत नेऊन टास्कबारवरच्या ॲपवर धरणे २२एच२ मध्ये परत आले. स्टार्ट मेनूतल्या हलत्या टाइल कायमच्या गेल्या. आम्हाला त्यांची उणीव भासत नाही. २०२५ च्या अखेरीस आलेल्या नव्या स्टार्ट मेनूत सगळी ॲप्स एकाच पानावर खाली सरकवत बघता येतात, आणि 'रेकमेंडेड' हा भाग बंद करता येतो.

टास्कबार पडद्याच्या बाजूला उभा ठेवणे ही १० मधली सोय ११ येताना काढली गेली. त्यासाठी बाहेरची साधने वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: ती एक्सप्लोररच्या पोटात शिरून काम करतात. मोठे अपडेट आले की सर्वांत आधी तीच मोडतात, आणि दिसते असे की विंडोजच बिघडली. टास्कबार गायब झाला तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, तिथून ते साधन काढा आणि एक्सप्लोरर रीस्टार्ट करा.

रोजच्या कामात मग नक्की काय सुधारले?

लॅपटॉप मॉनिटरला जोडून काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते. १० मध्ये केबल काढली की मोठ्या पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपवर येऊन ढीग व्हायच्या आणि पुन्हा जोडल्यावर तिथेच पडून राहायच्या. ११ मध्ये केबल काढली की त्या खिडक्या मिटतात, जोडली की आपापल्या जागी उघडतात. सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे त्याच्या दोन चौकटी आहेत, दोन्हींवर खूण हवी.

खिडक्या मांडण्याचेही तसेच. मॅक्सिमाइझच्या बटणावर माउस नेला किंवा विंडोज + झेड दाबले की मांडणीचे आराखडे समोर येतात. रुंद पडद्यावर तीन स्तंभांचे आराखडेही मिळतात. मांडलेला गट ऑल्ट + टॅबमध्ये एकत्र दिसतो. फाइल एक्सप्लोररला २०२२ मध्ये टॅब आल्या, कंट्रोल + टी दाबून बघा. वाय-फाय ६ई चा ६ गिगाहर्ट्झ पट्टा फक्त ११ वर आहे, वाय-फाय ७ साठी २४एच२ लागते. बाकी गोल कोपरे वगैरे दोन दिवसांत दिसेनासे होतात.

आणि कंट्रोल पॅनल? ते अजून आहेच. नव्या सेटिंग्जच्या पानातून तीन क्लिक आत गेले की अचानक जुनी खिडकी उघडते, १० मध्ये व्हायचे तसेच.

११ सुरू केल्यावर डेस्कटॉपवरच्या फायली गायब झाल्या. गेल्या का?

गेल्या नाहीत, सरकल्या आहेत. सुरुवातीच्या मांडणीत वनड्राइव्हचा बॅकअप नकळत चालू झाला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरात जातात. मोफत जागा ५ जीबी. ती भरली की इशारे सुरू होतात, मग माणूस चिडून बॅकअप बंद करतो आणि डेस्कटॉप रिकामा दिसतो. 'व्हेअर आर माय फाइल्स' नावाचा शॉर्टकट तिथे सोडलेला असतो, तो उघडा. फायली वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉप फोल्डरात मिळतील. त्या कट करून खऱ्या फोल्डरात आणण्यापूर्वी एक्सप्लोररमध्ये प्रत्येकापुढे हिरवी खूण आहे का ते बघा. ढगाचे चित्र असेल तर ती फाइल अजून संगणकावर उतरलेलीच नाही. आधी राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, उतरू द्या, मग हलवा. ढगावरची प्रत पुसण्याचे काम सर्वांत शेवटी.

विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते आहे. ती कुठून आणायची?

२४एच२ पासून नव्याने टाकलेल्या विंडोजवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की डिस्क आपोआप कूटबद्ध होते, होम आवृत्तीतही. की त्या खात्यात जमा होते. फोनवरून खात्यात जाऊन 'डिव्हाइसेस' खाली रिकव्हरी की बघा. पडद्यावरच्या की आयडीचे पहिले आठ अक्षर-अंक जुळवून घ्या, खात्यात एकापेक्षा जास्त की असू शकतात. संगणक दुसऱ्या कुणी मांडून दिला असेल तर की त्याच्या खात्यात असण्याची शक्यता मोठी. की मिळालीच नाही तर डेटा परत मिळत नाही, यावर कुठलाही कारागीर उपाय करू शकत नाही. आजच कागदावर लिहून ठेवा. १० वरून अपग्रेड केलेल्या संगणकावर हे आपोआप चालू होत नाही.

२४एच२ नंतर नेटवर्कवरची डिस्क उघडत नाही.

घरच्या संगणकावर 'तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे' अशा अर्थाचा संदेश येतो आणि लोक चक्रावतात, संस्था कुठली? प्रो आवृत्तीत २४एच२ पासून पासवर्डशिवाय, पाहुणा म्हणून शिरणे बंद झाले आणि एसएमबीवर (नेटवर्कवरून फायली वाटून घेण्याची पद्धत) डिजिटल सही सक्तीची झाली. जुनी एनएएस पेटी (नेटवर्कला जोडलेली डिस्कपेटी) किंवा राउटरला लावलेली डिस्क बहुधा यातच अडकते. तिच्यावर नाव-पासवर्डसह वापरकर्ता तयार करा, एसएमबी २ किंवा ३ चालू करा, तिचे फर्मवेअर अपडेट करा आणि विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तो पासवर्ड नोंदवा. विंडोजची अट सैल करण्याचे मार्ग आहेत, पण तो शेवटचा उपाय.

जुनी सॉफ्टवेअर आणि प्रिंटर चालतील का?

६४-बिट १० वर चालत होते ते जवळजवळ सगळे चालते, ड्राइव्हरसुद्धा बहुधा तेच लागतात. अडचण ३२-बिट विंडोज १० वाल्यांची. ११ फक्त ६४-बिट आहे, त्यामुळे अपग्रेड होत नाही, सगळे नव्याने टाकावे लागते. प्रिंटरचा ६४-बिट ड्राइव्हर मिळतो का ते आधी बघा, आणि डॉसच्या काळातले १६-बिट सॉफ्टवेअर असेल तर ते आभासी यंत्रातच चालेल. वर्डपॅड २४एच२ मध्ये काढून टाकले आहे.

अपग्रेड कसे करावे आणि ते कुठे अडते?

विंडोज अपडेटमध्ये ११ दिसत असेल तर तिथूनच. नसेल तर इन्स्टॉलेशन असिस्टंट, नाहीतर आयएसओ उघडून त्यातले सेटअप चालू विंडोजमधून चालवा. अस्सल १० चा परवाना असेल तर पैसे लागत नाहीत. सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी मोकळी ठेवा, बाहेरचा अँटिव्हायरस काढून टाका, माउस-कीबोर्ड सोडून यूएसबीला लावलेले सगळे काढा. पेनड्राइव्ह बनवणार असाल तर ८ जीबीचा लागतो.

'कीप फाइल्स अँड ॲप्स' फिकट दिसत असेल तर थांबा, पुढे जाऊ नका. आयएसओची भाषा किंवा आवृत्ती तुमच्या विंडोजशी जुळत नाही असा त्याचा अर्थ. पेनड्राइव्हवरून बूट केले तरी हा पर्याय मिळत नाही.

सी१९००१०१ ने सुरू होणारी चूक आली तर दोष जवळजवळ नेहमी ड्राइव्हरचा असतो. ग्राफिक्स, वाय-फाय आणि साठवणीचे ड्राइव्हर नवे करून पुन्हा प्रयत्न करा. 'सिस्टम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आले नाही' असा संदेश आला तर १०० एमबीचे बूट पार्टिशन भरलेले आहे. सी ड्राइव्हवर कितीही जागा केली तरी उपयोग नाही. त्या पार्टिशनला तात्पुरते ड्राइव्ह अक्षर देऊन बूटखालच्या फॉन्ट्स फोल्डरातल्या फायली काढल्या की गरजेची १५ एमबी जागा होते. त्या फक्त बूटच्या पडद्यावरच्या अक्षरांसाठी असतात. बाकी फोल्डरांना हात लावू नका.

आवडली नाही तर १० वर परतता येते का?

दहा दिवस. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, 'गो बॅक'. जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात जपलेली असते, दहा दिवसांनी ती आपोआप पुसली जाते. मधल्या काळात जागेसाठी डिस्क क्लीनअप चालवून 'प्रीव्हियस इन्स्टॉलेशन्स' वर खूण केली तर परतीचा रस्ता तुम्हीच बंद केला. मुदत कमांड प्रॉम्प्टमधल्या 'डिझम' या साधनाच्या आज्ञेने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती पहिल्या दहा दिवसांतच वाढवावी लागते. परत जाताना फायली राहतात, अपग्रेडनंतर टाकलेली ॲप्स आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात.

मायक्रोसॉफ्ट खाते टाळता येते का?

होममध्ये पहिल्या मांडणीच्या वेळी इंटरनेट आणि खाते दोन्ही मागितले जाते आणि पळवाटा एकेक करून बुजवल्या जात आहेत. मांडणी झाल्यावर सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो इथून स्थानिक खात्यावर जाता येते. डिस्क कूटबद्ध असेल तर जाण्याआधी की लिहून घ्या. आधीच स्थानिक खात्याने चालणाऱ्या १० वरून अपग्रेड केले तर ते खाते तसेच राहते.

रिकॉल माझ्या पडद्याची चित्रे काढत राहणार का?

रिकॉल, म्हणजे नंतर शोधता यावे म्हणून पडद्याची चित्रे काढून ठेवणारी सोय, फक्त कोपायलट प्लस संगणकांवर आहे. त्यासाठी सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारे एनपीयू (एआयच्या कामांसाठीचा प्रोसेसर) आणि १६ जीबी रॅम लागते. तिथेही तुम्ही चालू केल्याशिवाय चालू होत नाही. १० वरून आलेल्या संगणकाला हा प्रश्नच नाही.

११ ची कोणती आवृत्ती ठेवावी?

२५एच२. ११ टाकली म्हणजे कायमचे सुटलो असे नाही, होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिन्यांचीच मुदत असते. २३एच२ ची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली, २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ ला, २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७ ला. २४एच२ वरून २५एच२ वर जाणे म्हणजे छोटे अपडेट आणि एक रीस्टार्ट, कारण दोन्हींचा पाया एकच आहे. 'विनव्हर' मध्ये बिल्ड २६१०० दिसला तर २४एच२, २६२०० दिसला तर २५एच२.